चावी आली की सांगतो

१९ फेब्रुवारी म्हटलं की आपल्याकडे शिवजयंती. माझ्यासारख्या इलेक्ट्रॉनिक डबडी जमवणाऱ्या माणसाच्या डोक्यात मात्र ही तारीख आणखी एका कारणाने बसली आहे. १९ फेब्रुवारी २००२ रोजी सोनी, मात्सुशिता (म्हणजे आपलं पॅनासॉनिक), फिलिप्स, पायोनियर वगैरे नऊ कंपन्यांनी मिळून ब्लू-रे नावाच्या नव्या डिस्कची घोषणा केली. आणि १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने जाहीर केलं की आम्ही एचडी डीव्हीडीचं दुकान बंद करतोय. बरोब्बर सहा वर्षं! निव्वळ योगायोग. या सहा वर्षांत तारखेला तारीख जुळल्याचं हे एवढंच उदाहरण मला सापडतं, आणि तेही कोणी ठरवून केलेलं नाही.

मागच्या आठवड्यात ऑफिसातल्या एका नव्या पोराने "ब्लू-रे म्हणजे नक्की काय होतं?" असं अगदी निरागसपणे विचारलं. मी सुरू झालो तो त्याचा चहा गार होईपर्यंत थांबलो नाही. त्या बिचाऱ्याची सुटका झाली, आता तुमची पाळी.

तंत्रज्ञान आधी उरकून घेऊ (कंटाळा येत असेल त्यांनी दोन परिच्छेद खाली उडी मारावी). सीडी वाचणाऱ्या लेझरची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीची ६५०, म्हणजे तांबडा प्रकाश. या दोन्ही नव्या डिस्क्सचा लेझर ४०५ नॅनोमीटरचा. म्हणायचं निळा, खरं तर जांभळाच. पेनाचं टोक जितकं बारीक तितकं त्याच वहीत जास्त मावतं, तसा हा प्रकार. असा लेझर बनवणं महाकर्मकठीण होतं. जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरांनी ते नव्वदच्या दशकात जमवलं (त्यांना २०१४ साली नोबेल मिळालं ते त्याआधीच्या निळ्या एलईडीसाठी). म्हणजे लेझर दोघांचा सारखाच. व्हिडिओचे कोडेक दोघांचे तेच. डिस्कला लावायचं कुलूपही, ज्याच्याबद्दल पुढे बोलायचं आहे, दोघांचं तेच. मग भांडण कशाचं? डिस्कवरच्या पारदर्शक थराच्या जाडीचं!

एचडी डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर खोल, म्हणजे डीव्हीडीइतकाच. त्यामुळे डीव्हीडी छापणारी जुनी यंत्रं थोडे फेरफार करून वापरता येत होती. ब्लू-रेवाल्यांनी तो थर ०.१ मिलिमीटरवर आणला. भिंग डिस्कच्या जवळ गेलं, ठिपका आणखी बारीक झाला आणि एका थरात १५ ऐवजी २५ जीबी मावायला लागले. पण यंत्रं नवी घ्या, आणि डिस्कवर जरासा ओरखडा पडला की बोंबला. म्हणून सुरुवातीच्या ब्लू-रे डिस्क्स चक्क प्लास्टिकच्या डबीत बंद असायच्या. सोनीने एप्रिल २००३ मध्ये जपानात पहिला रेकॉर्डर काढला तो असाच. किंमत साडेचार लाख येन, आणि त्यात लावायला विकतचा सिनेमा एकही नाही! पुढे टीडीकेने ओरखडे सोसणारा लेप बनवला तेव्हा ती डबी गेली.

हे सगळं याच मंडळींनी आधी एकदा करून झालं होतं, ही यातली खरी गंमत. १९९५ मध्ये डीव्हीडीच्या जन्माआधी एका बाजूला तोशिबा, मात्सुशिता आणि टाइम वॉर्नर, तर दुसऱ्या बाजूला सोनी आणि फिलिप्स असेच दोन तट पडले होते. तेव्हा आयबीएमच्या पुढाकाराने संगणकवाल्यांनी दम भरला की दोन फॉरमॅट आणलेत तर आम्ही एकही घेणार नाही. सप्टेंबर १९९५ मध्ये तडजोड झाली. झालं, आता फक्त दुकानात आणायचं बाकी, असं कोणालाही वाटेल. पण घोडं पुन्हा अडलं ते कॉपी होऊ नये म्हणून लावायच्या कुलपावर. हॉलिवूड, संगणकवाले आणि टीव्हीवाले यांचं त्यावर एकमत होईना. शेवटी जपानात नोव्हेंबर १९९६ आणि अमेरिकेत मार्च १९९७ उजाडला. एवढा काथ्याकूट करून लावलेलं ते कुलूप १९९९ मध्ये फुटलं. ते फोडणाऱ्यांत नॉर्वेतला एक शाळकरी पोरगा होता.

यातून काही शिकतील असं वाटलं होतं का? मग तुम्ही कधी कमिटीच्या मीटिंगला बसलेला नाही.

२००५ च्या वसंतात सोनी आणि तोशिबा एकत्र बसले. एकच फॉरमॅट करू, असं बोलणं चालू झालं आणि ०.१ की ०.६ या प्रश्नावर फिसकटलं. मग दोघांनीही तारखांचा सपाटा लावला. तोशिबाचा प्लेअर २००५ अखेर येणार होता. तो गेला मार्च २००६ वर. जपानात कसाबसा ३१ मार्चला आला, आणि अमेरिकेत १८ एप्रिलला, ४९९ डॉलरला. पहिल्या दिवशी सिनेमे किती? चार. तिकडे ब्लू-रेचा पहिला प्लेअर सॅमसंगचा, २३ मे ठरलेला, तो २५ जूनला आला. किंमत ९९९ डॉलर. आणि चित्र मऊ दिसतंय अशी ओरड झाली, तर कारण निघालं एका चिपमधलं नॉइज कमी करायचं सेटिंग! (हे वाचून मी तेव्हा खूप हसलो होतो. मग आपल्या कोडमध्ये असे किती डीफॉल्ट पडून असतील हे आठवून हसायचा थांबलो.) सोनीचा स्वतःचा प्लेअर तर पुढे पुढे ढकलत वर्षाच्या शेवटाला टेकला.

तोशिबाचा तो पहिला प्लेअर लोकांनी उघडून बघितला तेव्हा आत काय निघावं? इंटेलचा पेंटियम ४, एक जीबी मेमरी आणि लिनक्स. म्हणजे टीव्हीखाली ठेवायच्या खोक्यात घातलेला अख्खा पीसी. चालू व्हायला मिनिटभर. ज्याने कधी तारखेच्या दबावाखाली काही शिप केलं आहे त्याला ते खोकं पाहून गहिवरून येईल. वेगळी चिप बनवायला वेळ नाही ना, मग घाला मिळेल ते आणि पाठवा!

पण या सगळ्या तारखा सरकत होत्या त्यामागे मोठं कारण हार्डवेअरचं नव्हतं, कुलपाचं होतं. त्याचं नाव एएसीएस. ते ठरवणाऱ्या संस्थेत आठ कंपन्या होत्या: डिस्ने, वॉर्नर, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, मात्सुशिता, सोनी आणि तोशिबा. नीट वाचा ती यादी. बाहेर एकमेकांची कॉलर धरणारे सोनी आणि तोशिबा आत एकाच टेबलावर बसून एकाच कुलपावर चर्चा करत होते, आणि ती चर्चा लांबल्यामुळे दोघांचाही माल गोदामात अडकत होता. अखेर फेब्रुवारी २००६ मध्ये एक तात्पुरता करार झाला आणि त्या तात्पुरत्या करारावर सगळा धंदा सुरू झाला. अंतिम करार २००९ साली आला. तोवर एचडी डीव्हीडी मरून वर्ष उलटून गेलं होतं.

आता थोडं घरचं. २००६ मध्ये आमची टीम पुण्यात एका परदेशी क्लायंटसाठी सेट-टॉप बॉक्सचं सॉफ्टवेअर लिहीत होती. क्लायंटचं नाव सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही. तिथेही कुलूप होतं आणि ते तिसऱ्याच कंपनीचं. ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो: बॉक्स बनवताना तुम्हाला आधी खोट्या चाव्या देतात, टेस्ट की. त्यावर सगळं चालतं. चॅनल लागतात, मेनू उघडतो, डेमोला साहेब खूश होतात. पण खऱ्या चाव्या त्या तिसऱ्या कंपनीने तुमचा बॉक्स तपासून पास केल्याशिवाय मिळत नाहीत. आणि त्यांच्याकडे रांग असते. आपलं कोड कितीही तयार असो, रांगेतला नंबर आपल्या हातात नाही. प्रोजेक्ट प्लॅनमध्ये या सगळ्या प्रकाराला एकच ओळ: 'प्रमाणपत्र, दोन आठवडे'. ते दोन आठवडे कुठून आले हे मी तेव्हा तीन माणसांना विचारलं. तिघांनीही दुसऱ्याचं नाव सांगितलं.

दर सोमवारच्या कॉलमध्ये आम्ही विचारायचो, चाव्यांचं काय? पलीकडून उत्तर ठरलेलं: चावी आली की सांगतो. आणि लाँचची तारीख मात्र स्लाइडवर तशीच, लाल अक्षरात.

आमच्या टीममध्ये नगरकडचा एक टेस्टर होता. कामाला वाघ, बोलायला कमी. डिसेंबरात त्याच्या बहिणीचं लग्न होतं. घरात वडील नाहीत, हा एकटाच भाऊ, म्हणजे मांडवापासून बसच्या भाड्यापर्यंत सगळं याच्याच गळ्यात. त्याने आठ दिवसांची रजा दोन महिने आधी टाकून ठेवलेली. नेमका लाँच त्याच आठवड्यात आला. मॅनेजर वाईट माणूस नव्हता, पण त्यालाही वरून फोन येत होते. त्याने पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "अरे, आधी लगीन कोंढाण्याचं!" सगळे हसले. पोरगाही हसला. रजा आठ दिवसांची दीड दिवसावर आली. तो हळदीला नव्हता. मुहूर्ताच्या दिवशी सकाळी पोचला, बहिणीची पाठवणी केली आणि रात्रीच्या एसटीने पुण्यात परत.

त्या आठवड्यात लाँच झालाच नाही. होणारही नव्हता. चाव्यांची रांग पुढच्या फेब्रुवारीपर्यंत गेली आहे हे क्लायंटच्या माणसांना दहा दिवस आधीपासून ठाऊक होतं. पुढे एका फॉरवर्ड झालेल्या मेलच्या शेपटात खाली जुना मजकूर राहून गेला होता, त्यात तारखेसकट दिसलं. मग स्लाइड का बदलली नाही? कारण त्यांचा प्रतिस्पर्धी त्याच महिन्यात बॉक्स आणणार होता, आणि 'आमचाही येतोय, थांबा' असं दुकानदारांना सांगायला ती तारीख हवी होती. त्या पोराला भरपाई म्हणून दोन कॉम्प-ऑफ मिळाले. मार्चअखेर ते लॅप्स झाले.

तेव्हापासून मी कुठलीही लाँच डेट वाचली की पहिला प्रश्न विचारतो: ही तारीख कोणासाठी लिहिली आहे? तोशिबाची २००५ अखेर ही तारीख इंजिनिअरांसाठी होती असं मला वाटत नाही. ब्लू-रे पुढे निघून जाऊ नये, स्टुडिओंनी तिकडे सह्या करू नयेत, गिऱ्हाइकाने पाकीट बंद ठेवावं, यासाठी ती तारीख होती. सोनीचंही तेच. २००५ च्या मे महिन्यात त्यांनी सांगितलं की प्लेस्टेशन ३ पुढच्या वसंतात येईल, आत ब्लू-रे ड्राइव्हसह. मार्च २००६ उजाडला तेव्हा म्हणाले, नोव्हेंबर. कारण ब्लू-रेचं कॉपी-प्रोटेक्शन अजून ठरायचं आहे. मग सप्टेंबरात सांगितलं की युरोपला मार्च २००७ पर्यंत थांबावं लागेल, कारण निळे लेझर डायोड पुरेसे बनत नाहीयेत. ज्याच्यावरून हे सगळं सुरू झालं तोच लेझर!

आणि ज्या कुलपासाठी सगळे थांबले त्याचं काय झालं? तोशिबाचा प्लेअर अमेरिकेत आल्यावर आठ महिन्यांनी, डिसेंबर २००६ मध्ये, टोपणनावाने वावरणाऱ्या एकाने ते उघडलं. त्याची तक्रार साधी होती: पैसे मोजून घेतलेला सिनेमा त्याच्या मॉनिटरवर लागत नव्हता, कारण मॉनिटरला हवी ती सुरक्षा नव्हती. त्याने १२८ बिटांचं एनक्रिप्शन वगैरे फोडलं नाही हो. पीसीवरचा प्लेअर सिनेमा दाखवताना चावी मेमरीत ठेवतो, ती त्याने तिथून उचलली. दाराला नवताल कुलूप आणि किल्ली पायपुसण्याखाली. २००७ च्या मे महिन्यात तर त्यातली एक चावी, सोळा बाइटचा आकडा, टी-शर्टवर छापून फिरत होती.

बरं, तांत्रिकदृष्ट्या कोण बरा होता? माझं मत एचडी डीव्हीडीला, आणि हे मी आजही बदललेलं नाही. जागा कमी, कबूल. पण त्यांचं स्पेसिफिकेशन पहिल्या दिवशी पूर्ण होतं. प्रत्येक प्लेअरला नेटवर्कचं पोर्ट सक्तीचं, चित्रात चित्र दाखवायला दुसरा डीकोडर सक्तीचा. शिवाय रीजन कोडच नाही, म्हणजे अमेरिकेतल्या भावाने आणलेली डिस्क इथल्या प्लेअरवर लागली असती. ब्लू-रेवाल्यांनी मात्र अर्धवट स्पेसिफिकेशनवर माल विकायला काढला. चित्रात चित्राची सक्ती नव्या प्लेअरना लागू झाली १ नोव्हेंबर २००७ पासून. ज्याने ९९९ डॉलर मोजून पहिला प्लेअर घेतला, त्याला पुढच्या डिस्क्सवरच्या निम्म्या गमती दिसणारच नव्हत्या.

तरी ब्लू-रे जिंकलं, कारण प्लेस्टेशन. उशिरा आलं, महाग आलं, पण प्रत्येक खोक्यात ब्लू-रे ड्राइव्ह होताच. ज्याला फक्त गेम खेळायचे होते त्याच्याही घरात तो शिरला. २००७ अखेर कारखान्यातून बाहेर पडलेली प्लेस्टेशन ३ एक कोटीच्या आसपास, तर सगळे मिळून एचडी डीव्हीडीचे प्लेअर दहा लाखांच्या घरात. वर ते खोकं सॉफ्टवेअर अपडेटने सुधारता येत होतं, म्हणून डिसेंबर २००७ आणि मार्च २००८ च्या अपडेटमध्ये ज्या गोष्टी राहिल्या होत्या त्या येऊन बसल्या. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्ससाठी एचडी डीव्हीडी ड्राइव्ह काढला खरा, पण तो वेगळा, १९९ डॉलरला. वेगळं विकत घ्यायची वस्तू किती जण घेतात हे मी सांगायला नको.

शेवटचा अंक झटपट आटोपला. ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स ॲनिमेशन एचडी डीव्हीडीकडे गेले. त्यासाठी पंधरा कोटी डॉलरच्या सवलती मोजल्याच्या बातम्या होत्या. नोव्हेंबरात वॉलमार्टने तोशिबाचा प्लेअर शंभर डॉलरच्या आत विकला. ४ जानेवारी २००८ ला वॉर्नरने सांगितलं, आम्ही फक्त ब्लू-रे. दोन दिवसांनी लास वेगासच्या प्रदर्शनात एचडी डीव्हीडीवाल्यांची पत्रकार परिषद होती, ती रद्द. फेब्रुवारीत नेटफ्लिक्स, बेस्ट बाय, वॉलमार्ट एकेक करून सरकले. आणि मग ती १९ तारीख.

याच वॉर्नरने जानेवारी २००७ मध्ये एक डिस्क जाहीर केली होती, एका बाजूला ब्लू-रे आणि दुसऱ्या बाजूला एचडी डीव्हीडी. नाव टोटल एचडी. त्याच वर्षी येणार होती. मग पुढच्या वर्षावर गेली. मग आलीच नाही. मला ती डिस्क अजूनही आवडते, कागदावरची.

आपल्याकडे या लढाईचा आवाज पोचलाच नाही म्हटलं तरी चालेल. २००७ मध्ये प्लेस्टेशन ३ इथे आलं ते जवळपास चाळीस हजारांना, आणि त्याच वर्षी नोएडाच्या मोझर बेअरने सिनेमाची डीव्हीडी ३४ रुपयांना आणि व्हीसीडी २८ रुपयांना रस्तोरस्ती नेली. आमच्या गल्लीतला डिस्कवाला मला म्हणाला होता, "साहेब, त्या निळ्यावाल्याचं भांडण मिटलं की सांगा." लोकांनी जगभर हेच केलं. ते थांबले. आणि ते थांबलेले असतानाच, जानेवारी २००७ मध्ये, नेटफ्लिक्सने गाजावाजा न करता सिनेमे थेट नेटवरून दाखवायला सुरुवात केली होती. डिस्कवाल्याला सांगायला मी गेलो तेव्हा तिथे मोबाईल रिचार्जचं दुकान होतं. सोनीने रेकॉर्ड करायच्या ब्लू-रे डिस्क्सचं उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं.

ज्यांनी थांबायला नकार देऊन एचडी डीव्हीडी घेतली होती त्यांच्या पदरात काय पडलं? बेस्ट बायने प्रत्येक प्लेअरमागे पन्नास डॉलरचं कूपन दिलं. आणि २००९ मध्ये वॉर्नरने योजना काढली: आमच्या एचडी डीव्हीडीचं कव्हर आम्हाला पोस्टाने पाठवा, वर ४ डॉलर ९५ सेंट आणि पोस्टेज भरा, तोच सिनेमा ब्लू-रेवर घ्या. फक्त कव्हर. डिस्क तुमच्याकडेच राहू द्या, म्हणाले.